ह्या नावाचे येथे कोणी नाही

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसते. बाराव्या दिवशी आप्तजन पाळण्याभोवती जमतात, आत्या बाळाच्या कानाशी वाकते आणि त्याला त्याचे पहिले धन मिळते. ते धन म्हणजे नाव. पुढे घर, शेत, पैसा, मान हे सारे मिळते, कधी मिळून जाते. परंतु चोराला चोरता येत नाही असे धन म्हणून नावाकडे बोट दाखविण्याची आपली रीत आहे. ही रीत खोटी आहे, असे मी म्हणतो. नाव चोरता येते. आमच्या घराने एका माणसाचे नाव चोरले होते. त्या चोरीत माझा वाटा होता आणि मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

ही हकीकत १९६२ सालच्या उन्हाळ्यातील आहे. आमचा वाडा बडोद्यास रावपुऱ्यात होता. रंगाने पिवळा, तीन चौकांचा, पुढे दिवाणखाना आणि मागे विहीर. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्याला तेव्हा तेरा वर्षे लोटली होती. परंतु आमच्या घरात ही वार्ता अद्याप पोहोचली नव्हती. संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा ती ऐकून गप्प राहिले होते आणि आजीने तर ती ऐकलीच नव्हती. दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे होती, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी होत्या आणि काचेच्या कपाटात विलायती चिनीमातीचा बारा कपांचा संच होता. हा संच दिवाळीला आणि बड्या पाहुण्यांनाच दिसे. घराण्याची योग्यता त्या बारा कपांवर तोललेली आहे, अशी आजीची श्रद्धा होती.

अशा ह्या घरात मे महिन्याच्या आरंभी एक गडी आला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, म्हणजे १९८१ साली जो भाग सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून वेगळा झाला, तिकडचा. मालवणाहून आगबोटीने तो मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरला, गिरणीत काम करणाऱ्या गावकऱ्यांच्या खोलीवर चार दिवस राहिला आणि कोणाच्या तरी ओळखीने रेल्वेत बसून आमच्या दारी आला. वय पंचविशीचे, अंग काटक, हात एवढे मोठे की त्याला नमस्कार करतानाही ते कोठे ठेवावे हे कळत नसे. आजीने त्याला नखशिखान्त न्याहाळले आणि म्हटले, “ह्याला रामा म्हणायचे.”

त्याचे खरे नाव काय, हे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. मुंबईत आणि गुजराथेत कोकणातून आलेल्या घरगड्याला रामा म्हणण्याचा प्रघातच होता. पूर्वीचा गडी रामा होता, त्याच्या आधीचाही रामाच. राजाच्या गादीप्रमाणे आमच्याकडे रामाची गादी होती. एक रामा गेला की दुसरा तिच्यावर बसे.

हा नवा रामा मात्र त्या गादीला शोभेना. तो कष्टाला वाघ होता, पण त्याच्या हातून जे घडू नये तेच घडे. पहिल्याच आठवड्यात आमच्या गुजराथी स्वयंपाक्याने, ज्याला तिकडच्या चालीप्रमाणे आम्ही ‘महाराज’ म्हणत असू, त्याला सांगितले, “रामा, पाशेर शिंग लई आव.” गुजराथीत शिंग म्हणजे भुईमुगाची शेंग. रामाने मान डोलावली व तो गेला. तासाचे दोन तास झाले. महाराज कढई उतरवून वाट पाहत बसले. दुपारी उन्हाने लाल झालेला रामा परतला, तो म्हशीचे एक भलेमोठे काळेभोर शिंग काखोटीस मारून! कंगवे करणाऱ्या कोणा कारागिराचा त्याने शोध लावला होता आणि त्याची विनवणी करून ते मिळविले होते. ते त्याने विजयी मुद्रेने चुलीशेजारी ठेवले. महाराजांनी झारा फेकला, जानवे कानाला लावले आणि ते थेट विहिरीवर स्नानास गेले. त्या दिवशी आमचे जेवण दिवेलागणीला झाले. रामाचे म्हणणे एवढेच होते, “महाराजान शिंग सांगल्यान, मी शिंग हाडलंय.”

दुसरा प्रसंग आंब्यांचा. आम्ही बडोद्याची मराठी माणसे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून आमच्या बोलीत गुजराथी शब्द दुधात साखर मिसळावी तसे मिसळलेले. गुजराथीत आंब्याला, मग तो पिकलेला असो की कच्चा, केरी म्हणतात. घरी आमरसाचा बेत होता, वीस पाने मांडायची होती. आजीने सकाळी फर्मान सोडले, “रामा, खंडेराव मार्केटमधून चार डझन केरी घेऊन ये.” रामाने पाटी भरून हिरव्यागार, कडकडीत आंबट कैऱ्या आणल्या. मंडळी पाटावर बसली तेव्हा रसाच्या वाट्यांत पन्हे होते. आजी संतापाने थरथरत होती आणि हा गडी कोणाला तरी कौतुक वाटेल अशा भाबडेपणाने सांगत होता की कैऱ्या त्याने एकेक हाताळून, टणक पाहून निवडल्या आहेत.

आम्हा मुलांना तर नित्य नवा तमाशा मिळाला होता. आम्ही त्याच्या बोलण्याच्या नकला करीत असू. ‘माका’, ‘तुका’ म्हणून एकमेकांना हाका मारून लोळण घेत असू. तो हसे. त्यावरून त्याला राग येत नाही, असे आम्ही समजत होतो.

परंतु खरा कहर झाला तो आत्याला पाहावयास इंदूरहून मंडळी आली तेव्हा. घराणे तोलामोलाचे, मुलगा परदेशी शिकून आलेला. आठ दिवस वाड्याची झाडलोट चालली होती. रामाला पांढरा अंगरखा आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा देऊन दारात उभे करण्यात आले. टांगा थांबला. पाहुणे पायरीवर चढले. आणि रामा दारातून नाहीसा झाला! क्षणार्धात तो परतला तो हातात पाण्याने भरलेला मोठा तांब्या घेऊन. आणि कोणाला काही कळावयाच्या आत त्याने त्या परदेशी शिकून आलेल्या नवरदेवाच्या चकाकत्या बुटांवर आणि रेशमी मोज्यांवर भक्तिभावाने पाणी ओतले.

त्याच्या गावी दारी आलेल्या माणसाला पाय धुवावयास पाणी देतात आणि मग गुळाचा खडा व पाण्याचा पेला पुढे करतात. त्याप्रमाणे गूळही त्याने कनवटीस बांधून तयार ठेवला होता. तो त्याने पुढे केला. नवरदेव एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायातील पाणी झटकीत होते. त्यांना गूळ घेण्यास हात मोकळा नव्हता.

पुढे दिवाणखान्यात चहा आला. तो विलायती संच कपाटातून निघाला होता. त्यातील एका कपाचा कान पूर्वीच रामाच्या हातून निखळला होता, आणि ही गोष्ट कोणास न सांगता त्याने बाजारातून फणसाचा चीक पैदा करून तो कान चिकटविला होता. कोकणात फुटकी भांडी ह्या चिकाने सांधतात. सांधा इतका बेमालूम होता की आजीच्या गरुडदृष्टीलाही तो दिसला नाही. पण गरम चहापुढे चिकाचे काय चालणार? वराच्या पित्याने कप ओठांशी नेला तेव्हा त्यांच्या बोटांत कान राहिला आणि कपाने मांडीवर उडी घेतली.

आठ दिवसांनी इंदूरहून पत्र आले की पत्रिका जमत नाही. पत्रिका खरोखरच जमत नसेल; पण आजीचा ग्रहांपेक्षा तांब्यावर अधिक संशय होता. रामाचा पट्टा काढून घेण्यात आला. त्याला दिवाणखान्याची बंदी झाली व मागल्या चौकात विहिरीचे पाणी शेंदणे आणि भांडी घासणे एवढेच काम उरले. तेथे तो नेमाने काम करी. दिवसभर त्याच्या रहाटाची कुरकुर आम्हांस ऐकू येत असे.

येथपर्यंतची हकीकत मी अनेकदा अनेकांना सांगितली आहे आणि सर्वांना पोट धरून हसविले आहे. यापुढची मी कोणाला सांगितलेली नाही.

मे महिना सरत आला होता. एके दुपारी दार वाजले. मी उघडले. नवीन टपालवाला होता. हातातील पोस्टकार्ड डोळ्यांजवळ नेऊन त्याने एक नाव वाचले: नाव, बापाचे नाव आणि आडनाव. पत्त्यात मालकाचे नाव नव्हते. नुसते ‘रावपुरा, पिवळा वाडा’ एवढेच होते. “हे इथे राहतात का?” त्याने विचारले.

ते नाव मी कधी ऐकले नव्हते. ते मला गावंढळ वाटले आणि मी हसलो. मी आत ओरडून आजीला विचारले. आजी झोपाळ्यावर होती. ती म्हणाली, “ह्या नावाचे येथे कोणी नाही म्हणून सांग.” मी तसे सांगितले. टपालवाल्याने पेन्सिलीने काही खूण केली आणि तो निघून गेला. मी दार लावले. मागल्या चौकात रहाट कुरकुरत होता.

जूनमध्ये पाऊस आला. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र खवळला की प्रवासी आगबोटी बंद होत, त्या श्रावण उलटेपर्यंत. आषाढातल्या एका ओल्या संध्याकाळी मुंबईहून रामाच्या गावचा एक गिरणीकामगार त्याला शोधीत आला. दोघे मागल्या पडवीत बसले. बराच वेळ दोघांपैकी कोणी बोलले नाही. मग रामा उठून माझ्याकडे आला. त्याच्या हातात एक पोस्टकार्ड होते. आमच्या घरी तो मला ‘धाकटे साहेब’ म्हणे, कारण तसे म्हणण्याची त्याला ताकीद होती. त्या दिवशी तो ताकीद विसरला.

“झिला,” तो म्हणाला, “वाच मगे.”

त्याला वाचता येत नव्हते. मी कार्ड घेतले. गावच्या मास्तरांनी लिहून दिलेला मजकूर होता. आई अंथरुणास खिळली आहे, सारखे तुझे नाव घेते, आगबोटी बंद होण्यापूर्वी निघून ये, असे त्यात होते. तारीख मे महिन्यातील होती. आई गेली त्याला आता तीन आठवडे झाले होते. परत आलेले कार्ड घरच्यांनी मुंबईच्या खोलीवर पाठविले होते आणि तेथून ते ह्या माणसाच्या खिशातून आले होते.

मी मजकूर मोठ्याने वाचला. मग कार्ड उलटले. त्यावर नाव होते, ‘रावपुरा, पिवळा वाडा’ होते, आणि त्यावरून तिरपी तांबडी रेघ मारून टपालखात्याचा शेरा होता की ह्या नावाचा इसम ह्या पत्त्यावर नाही.

तो शेरा मी वाचला नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचला, तोंडाने वाचला नाही.

“ह्यो कागद माका तेवाच कित्याक गावलो नाय?” त्याने विचारले.

मी म्हटले, “पत्ता अपुरा होता, रामा.”

त्याने मान हलविली. “आसात,” तो म्हणाला. पत्ता अपुरा होता हे खरेच होते. आयुष्यात मी जी असत्ये बोललो, त्यांत हे सत्य सर्वांत वाईट आहे.

रात्री ते कार्ड आजोबांच्या हाती पडले. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचले आणि आम्हां सर्वांना दिवाणखान्यात बोलाविले. “त्या दिवशी दारात कोण होते?” त्यांनी विचारले. मी खाली पाहिले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतक्यात झोपाळा थांबला आणि आजी म्हणाली, “नाही म्हणून मी सांगितले.” त्या एका वाक्याने तिने माझाही अपराध आपल्या पदरात घेतला. तिचा अहंकार मी ह्या लेखात इतका वर्णिला आहे. म्हणून हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे की त्या दिवाणखान्यात खरे बोलण्याचे धैर्य फक्त तिच्यात होते आणि माझ्यात नव्हते.

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. भिंतीवरच्या महाराज सयाजीरावांच्या तसबिरीकडे पाहत ते हळूहळू बोलू लागले. ते म्हणाले, “नाशिक जिल्ह्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथे गोपाळ नावाचा एक मुलगा होता. अक्षरशत्रू होता. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याला ह्या शहरात आणले. राणीसाहेब जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले. राजवाड्यात पहिल्या दिवशी त्याच्या हातून काय काय सांडले असेल? पण त्याला कोणी हसले नाही, कारण तो गादीवर बसणार होता. त्याच्यासाठी शिक्षक नेमले. त्या मुलाने पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपण लिहिणे-वाचणे म्हणजे काय हे न कळता वाढलो, ही गोष्ट तो विसरला नाही, म्हणून केले.”

थोडे थांबून ते म्हणाले, “गोपाळाचे नाव बदलले ते त्याला मोठे करण्यासाठी. आपण ह्याचे नाव बदलले ते कशासाठी? लक्षात ठेवण्याचा त्रास नको म्हणून. आणि आपण तरी कोण? १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले, त्यांच्या मागोमाग देशावरची माणसे पोटासाठी इकडे आली, त्यांतलेच आपले पूर्वज. त्यांनाही शिंग म्हणजे शेंग हे पहिल्या दिवशी ठाऊक नसेल.”

दिवाणखान्यात कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. आगबोट बंद असल्यामुळे रेल्वेने कोल्हापूर आणि तेथून एस. टी.ने घाट उतरून जाणे भाग होते. आजोबांनी त्याचा पगार व वाटखर्च दिला. आजीने दशम्या बांधल्या. निघण्यापूर्वी त्याने विहिरीवर जाऊन रहाटाला तेल घातले. तो कुरकुरतो आणि बाईसाहेबांची झोप मोडते, हे त्याला फार दिवसांपासून सांगण्यात येत होते.

मग तो आपले गाठोडे घेऊन रस्त्याला लागला. आजी दारात आली. आमच्या घरातील स्त्रिया त्या काळी गड्याला निरोप देण्यास पुढच्या दारात येत नसत. तिने त्याला हाक मारली. कार्डावरचे त्याचे पूर्ण नाव घेऊन तिने हाक मारली.

तो चालतच राहिला. तिने पुन्हा हाक मारली. तेव्हा तो थांबला, आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलावीत असावे अशा समजुतीने आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहू लागला. आमच्या दारातून ते नाव यावे हे त्याच्या कल्पनेतही नव्हते. अखेर त्याने मागे वळून पाहिले. “जपून जा,” आजी म्हणाली. त्याने दोन्ही हात जोडले. ते मोठे हात त्या वेळी जागच्या जागी होते.

तो परत आला नाही. आमचा वाडाही आता राहिला नाही. पुढे मी शिक्षक झालो आणि छत्तीस वर्षे वर्गावर उभा राहिलो. क्रमांकाने हजेरी घेतली तर वेळ वाचतो, हे मला ठाऊक होते. तरी मी ती नेहमी संपूर्ण नावाने घेत असे आणि कोणाच्या नावाला वर्ग हसला तर ते नाव पुन्हा एकदा, अधिक स्पष्ट, उच्चारीत असे. विद्यार्थी ह्याला माझा विक्षिप्तपणा समजत. त्याचे कारण मी त्यांना कधी सांगितले नाही. ते आज सांगितले.

त्याचे नाव मी ह्या लेखात लिहिलेले नाही. ते मला तोंडपाठ आहे; पण त्याची मुले-नातवंडे कोठेतरी असतील आणि त्यांना न विचारता ते छापण्याचा मला अधिकार नाही. एकदा ते आम्ही विचारल्यावाचून घेतले होते, तेवढे पुरे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेत घंटा देणारा एक माणूस आहे. पाण्याची टाकी भरणारे कोणी आहे. तुमच्या घरी धुणेभांडी करावयास कोणी येत असेल, आणि ती बाई कदाचित दूरच्या मुलखातून आलेली असेल. तिच्या बोलण्याला तुम्ही हसत असाल. हा अंक हाती पडेल त्या दिवशी त्यांना त्यांचे संपूर्ण नाव विचारा आणि ते ध्यानात ठेवा. उद्या दारात टपालवाला येऊन ते नाव वाचील, तेव्हा ‘होय, येथेच राहतात’ असे तुम्हांला म्हणता आले पाहिजे.